धाब्याची माती, भिंतीची माती

“बायांचा हात कच्चा होता, मॅडम. मातीचा काही दोष नव्हता.”

शाळेच्या व्हरांड्यात निखिल हे बोलला आणि त्यानं कागदी कपातला उरलेला चहा संपवला. मी दाराच्या आतल्या बाजूला बिस्किटांची ताटली घेऊन उभी होते. निखिल हा सरांचा मदतनीस. सर म्हणजे आमच्या गावात मातीच्या भिंतींचे प्रयोग करणारे वास्तुविशारद. आणि मॅडम त्या प्रयोगांना निधी देणाऱ्या संस्थेच्या, सकाळीच हिंगोलीहून गाडीनं आलेल्या. दोन वर्षांपूर्वी पडलेल्या एका भिंतीबद्दल त्यांनी सहज विचारलं होतं. त्यानंही सहजच सांगितलं, यंदा आंब्याला मोहर कमी होता असं सांगावं तसं. मॅडम “अच्छा” म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला दारातून त्यांचं पेन दिसत होतं. फार नाही, एखादी ओळ असेल.

ज्या बायांबद्दल हे चाललं होतं त्या पटांगणातल्या कडुनिंबाखाली बसल्या होत्या, हाकेच्या अंतरावर. कौसामावशीही त्यांच्यात होती. पडलेली भिंत तिच्याच घराची होती, आणि ती ठोकणारे हातही तिचेच. सभा कधी सुरू होते याची वाट बघत ती काडीनं जमिनीवर रेघा ओढत होती.

मी बाहेर गेले, ताटली ठेवली. निखिल म्हणाला, “थँक यू हां.” मी हसले. त्या हसण्याचा मला आत्ता लिहितानाही राग येतो आहे.

आमच्याकडे भिंतींचा एक हंगाम असतो. कॅलेंडरवर तो नाही, पण हळद आणि मृग यांच्या मधे तो दरवर्षी येतो. तोवर हळद शिजवून झालेली असते, ताडपत्र्यांवर वाळून खडखडीत झालेली असते, घासायच्या ढोलात फिरून, चकचकीत होऊन मार्केटला गेलेली असते. तिचा उकडल्याचा वास मात्र जात नाही. थोडा औषधी, थोडा मातकट असा तो वास पोत्यांना लागतो, उशांना लागतो, डोंगरकड्याहून कळमनुरीला जाणाऱ्या एसटीच्या सीटलासुद्धा लागलेला असतो. रानं नांगरून उघडी पडलेली असतात. हातांना काम नसतं आणि ऊन भरपूर असतं, आणि भिंतीला ऊनच लागतं. चिखल तुडवून हातभर उंचीचा थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग त्यावर दुसरा. घाई केली की खालच्या थराला पोट येतं. म्हणून भिंत घालणाऱ्या बाईला दिवसातला बराच वेळ काहीच करायचं नसतं. ती सावलीत बसून भिंतीकडे बघत राहते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, ही आळशी आहे.

मला गावाचा हा एकच ऋतू ठाऊक होता. सहाव्या वर्षी मला नांदेडला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. पेरणी, काढणी, पोळा, हे सगळं माझ्यामागे व्हायचं. मी यायची ती उन्हाळ्याच्या सुट्टीत, गाव उकरलेलं आणि ओलं असताना. आमच्या ओसरीतून कौसामावशीचं घर दिसायचं. तिचा नवरा मेंढरं घेऊन रानोमाळ असायचा, आणि ती गावातल्या भिंती घालायची. गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून ती चिखल तुडवायला लागली की मी कठड्याला चिकटून बघत बसायची. तिच्या पायांना एक ठेका होता. बोलावल्याशिवाय मी जात नसे. ती बोलवायची. एक गोळा हातात देऊन म्हणायची, “दाब, माय. जोरात दाब. मातीला लागत न्हाई.”

मी दाबायची, पण बोलायची नाही. गल्लीतली पोरं ‘न्हाई’ म्हणायची आणि मी ‘नाही’ म्हणायची, आणि तेवढ्यावरून ती पोट धरून हसायची. शाळेत माझं इंग्रजी गावठी होतं आणि गावात माझं मराठी पुस्तकी. दोन्हीकडे गप्प राहणं सोयीचं पडलं. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा यायचा, शांत आणि सुस्वभावी. आई तो पाहुण्यांना दाखवायची. कुणाला कधी वाटलं नाही की ही तक्रारसुद्धा असू शकते.

दोन वर्षांपूर्वी मी बांधकामाचं शिक्षण संपवून घरी आले तेव्हा सर गावात आलेले होते. स्वस्त, थंड, सिमेंटशिवायची घरं कशी बांधता येतील याचे प्रयोग त्यांना खेड्यात करायचे होते. त्यांना इंग्रजी आणि हिंदी येत होतं, मराठी अगदी थोडं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, स्वतःच जाऊन त्यांना सांगून आले, “आमची पोरगी इंग्लिश फाडफाड बोलती.” मी कुठल्याच भाषेत काही फाडफाड बोलत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी सरांची दुभाषी झाले.

सर लबाड असते तर माझा राग सोपा झाला असता. ते लबाड नव्हते. अनवाणी फिरायचे, बायांच्या बरोबरीनं पाट्या उचलायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या तळहातांना फोड आले आणि ते फोड त्यांनी कुणाला दाखवले नाहीत. मातीबद्दल बोलताना त्यांचा आवाज हळवा व्हायचा. माती श्वास घेते, मातीला स्मृती असते असं म्हणायचे. मी ते बायांना मराठीत सांगायची. शांताबाई, कौसामावशीची जोडीदारीण, पदरात हसायची. “आमच्या जल्माची माती झाली तवा कुनी असं गोड बोललं न्हाई,” ती म्हणायची. सर विचारायचे, “क्या बोल रही हैं?” मी हिंदीत म्हणायची, “त्यांना आवडलं.”

ही माझी दुभाष्याची सुरुवात.

तीन प्रकारच्या भिंती करायच्या ठरल्या होत्या. एक पोत्यांची: युरियाच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून, ती विटांसारखी रचून, दोन थरांमधे काटेरी तार. एक कुडाची, तुराट्या विणून दोन्ही बाजूंनी शेण-मातीचा गिलावा. आणि तिसरी, सरांची लाडकी, ठोकलेली भिंत: दोन उभ्या फळ्यांमधे जेमतेम ओलसर माती टाकायची आणि धुम्मसानं ठोकून ठोकून दगडासारखी करायची. पहिल्या दोन शाळेमागच्या मोकळ्या जागेत झाल्या. तिसरी खऱ्या घराला हवी होती. कौसामावशीच्या घराची मागची भिंत आदल्या पावसाळ्यात बसली होती. ती म्हणाली, “घाला माझ्या घराला. मला बी बघायचंय.”

तिला खरोखर बघायचं होतं. ही गोष्ट त्या कार्यक्रमाच्या एकाही कागदावर नाही. तिच्या घरामागे, मेंढरांच्या वाड्याला लागून, गुडघाभर उंचीचे मातीचे सहा-सात खुंट उभे होते. मला आधी वाटलं, मोडक्या भिंतीचे तुकडे असतील. ते तिचे प्रयोग होते. एकात मेंढरं कातरताना उरलेली घाण लोकर बारीक करून मिसळलेली. एकात अंबाडीचे तंतू. एकात बेलफळाचा गर पाण्यात कालवून. एकात नुसतंच भुसकट, ‘बाकीच्यायशी बराबरी कराया’. रोज दुपारी ती प्रत्येकावर एक एक तांब्या पाणी ओतायची आणि दुसऱ्या दिवशी अंगठ्यानं खरवडून बघायची. कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. लोकरीचा खुंट तिचा आवडता होता. “ह्याला वर्स झालं,” ती म्हणाली, “आजून अंगावरची भुकटी बी उडाली न्हाई.”

सरांना मी ते खुंट दाखवले. त्यांना खूप आवडले. त्यांनी खाली बसून त्यांचे फोटो काढले आणि विचारलं, ही मुलांची खेळणी आहेत का. मी नीट सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोन आला आणि ते उठले. मी तोंड मिटलं.

मातीचा दिवस मला तासातासानं आठवतो. सरांनी गावाच्या कडेची, जुन्या गढीखालची फिकट माती निवडली होती. ट्रॅक्टर तिथवर जात होता. माती चाळायला सोपी होती आणि काळ्या मातीसारखी भेगाळणारी नव्हती. त्यांनी काचेच्या बाटलीत माती आणि पाणी घालून हलवलं आणि ती बाटली सावलीत ठेवली. वाळू खाली बसली, गाळ मधे, चिकणमाती वर. प्रमाण उत्तम होतं. सर लहान मुलासारखे खूश झाले. ते खोटं नव्हतं. बाटलीनं जे सांगायचं ते बरोबर सांगितलं होतं. पण बाटलीला चव कळत नाही.

कौसामावशीनं चिमूटभर माती जिभेवर ठेवली. आमच्याकडच्या जुन्या बाया असंच करतात. तिनं तोंड वाकडं केलं, बाजूला थुंकली, आणि म्हणाली, “ही धाब्याची माती हाय. भितीची न्हाई.”

धाबं म्हणजे आमच्या जुन्या घरांचं सपाट मातीचं छत. लाकडी सऱ्यांवर काटक्या, काटक्यांवर पाला, पाल्यावर वीतभर माती. त्याला खारी मातीच लागते. ओली झाली की ती गच्च बसते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. पण तीच माती भिंतीत घातली की पायाशी ओल धरते, मीठ वर येतं, भिंत फुलते आणि पापुद्र्यांनी सुटायला लागते. इथं लहान पोरीलाही हे माहीत असतं. माती छतावर आडवी पसरलेली असते तेव्हा तिला खारटपणाचा फायदा होतो, आणि उभी केली की तोच तिला खातो. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. मी त्या ओसरीत वाढले होते, निदान उन्हाळ्यांपुरती.

सरांनी विचारलं, “क्या कह रही हैं?”

त्याच सकाळी एक गोष्ट झाली होती. शांताबाईनं फळ्यांना आतून काय चोपडावं ते लांबण लावून सांगितलं होतं आणि मी सगळं शब्दाला शब्द सरांना सांगितलं होतं. मधेच थांबवून ते म्हणाले होते, “बेटा, हर किसीकी हर बात मत बताओ. काम की बात बताओ.” आवाज चढवला नव्हता. हसूनच म्हणाले होते. माझे कान तापले. ‘काम की बात’ कुठली ते ठरवायचं कामही मग माझ्याकडे आलं.

म्हणून मी हिंदीत म्हणाले, “ही माती धाब्याला, म्हणजे छताला वापरतात, असं म्हणतात त्या.”

आणि थांबले. उरलेलं वाक्य तोंडात होतं. दोन शब्दांचं होतं.

सर आणखी खूश झाले. छताला चालते म्हणजे पाणी अडवते, मग तर फारच छान, असं ते इंग्रजीतून निखिलला म्हणाले. मावशीनं त्यांचा चेहरा बघितला. आपलं म्हणणं पोचलं नाही असं तिला वाटलं असावं, कारण तिनं मातीची दुसरी चिमूट घेतली आणि हात लांब करून थेट त्यांच्या तोंडापुढे धरली. चाखून बघा. याला दुभाषी लागत नव्हता. सर तिच्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी कॅमेरा काढला.

तो फोटो नंतर कार्यक्रमाच्या पुस्तिकेवर आला. भेगाळलेली बोटं, चिमटीत फिकट माती, मागे धूसर लुगडं. खाली इंग्रजीत छापलं होतं, ‘माती ओळखणारे हात’. मी ती पुस्तिका भिंतीवर फेकली होती. एकटी असताना. माझं सगळं एकटी असतानाच होतं.

त्या दुपारी मावशीनं मला विचारलं, “काय म्हन्ले?”

“चालेल म्हणतात.”

“तू बराबर सांगितलं ना, माय? खारी हाय म्हनून?”

“हो,” मी म्हणाले.

“त्यायला काई दवा ठावकी आसंल मग खाऱ्याची,” ती म्हणाली. “लई शिकलेला मानूस हाय.” आणि उठून धुम्मस उचललं.

ठोकायला दहा दिवस लागले. मी सगळे दहा दिवस तिथं होते, म्हणून निखिलच्या त्या वाक्यावर माझा राग जास्त आहे. निखिल त्या दहांतले चार दिवस होता. फळ्यांमधे चारेक बोटं माती पडायची आणि दोन बाया समोरासमोर उभ्या राहून ठोकायला लागायच्या. सुरुवातीला आवाज मऊ यायचा, धप्, धप्. ठोकत गेलं की तो आखडत जायचा आणि एका क्षणी पलटायचा, कोरडा, टणक, दगडावर दगड पडल्यासारखा. तोवर थांबायचं नाही असा मावशीनं नियमच केला होता. कुणाचा हात सैल पडला की ती दुसऱ्या टोकाला असली तरी ओळखायची. “शांते, माती झोपली न्हाई आजून. तूच झोपली का काय?” शांताबाई म्हणायची, “तुज्या कानाला कुनी डागदर केलं गं?” आणि पुन्हा ठोकायची. अंगावरचा घाम मातीत पडू नये म्हणून कपाळाला फडकी बांधलेली. मिठाची भर नको, मावशी म्हणायची. त्या खारट मातीत ती हे म्हणायची, आणि मी ऐकायची.

फळ्या काढल्या तेव्हा भिंत फार देखणी होती. थरांच्या नागमोडी रेघा, हात फिरवला तर थंडगार. कळमनुरीहून लोक बघायला आले. अण्णांनी सगळ्यांना सांगितलं, आमच्या पोरीचं काम आहे.

मृगात पायाशी पांढरी बुरशी धरल्यासारखं झालं. मग पापुद्रे सुटायला लागले, बिस्किटाचे तुकडे पडावेत तसे, रोज थोडे. मावशी ते सुपात गोळा करून ठेवायची, का ते मला माहीत नाही. आषाढात एका दुपारी ती खुरपायला गेलेली असताना भिंत बाहेरच्या बाजूला आडवी झाली. खाली माणूस कुणी सापडलं नाही. दोन कोकरं सापडली. मी गेले तेव्हा पत्रा एका बाजूनं लोंबत होता, घराच्या आतली भांडी, फडताळ, वाळत घातलेलं पातळ असं सगळं मागच्या वाटेवरून दिसत होतं, आणि येणारे-जाणारे बघत होते. मागे तिचे खुंट पावसात जसेच्या तसे उभे होते. लोकरीच्या खुंटावर कोंबडी बसली होती.

मावशी रडली नाही. तिनं मला बघितलं आणि म्हणाली, “तोंड काहून उतरलं तुजं? आपुन सांगितलं व्हतं. तू बी सांगितलं. त्यायनं न्हाई ऐकलं, त्याला तू काय करशील?”

तेव्हा बोलायला हवं होतं. तिथंच, चिखलात. मी मान हलवली.

भिंत पडते, पुन्हा उभी राहते. तिची मागची बाजू तिनं दिवाळीपर्यंत स्वतःच घातली, नाल्याकडची मुरमाड माती डोक्यावरून आणून, लोकर घालून. पण गावाची आठवण चमत्कारिक असते. भिंत कुणाच्या सांगण्यावरून, कुठल्या मातीनं झाली हे विसरलं गेलं. कुणाच्या हातची पडली ते राहिलं. गेल्या उन्हाळ्यात तिला कुणी बोलावलं नाही. दर हंगामात चार-पाच घरांच्या भिंती घालणारी बाई ओट्यावर बसून होती, आणि पलीकडच्या गल्लीत दुसरीच कुणी चिखल तुडवत होती. “कौसाच्या हातची कोकरावर पडती,” असं एकानं चावडीपुढे म्हटलेलं मी ऐकलं. लोक हसले. तो माणूस ज्या घरात राहतो त्याच्या चारही भिंती तिनंच घातल्या आहेत, तो पाळण्यात होता तेव्हा.

गेल्या वर्षी मी तिच्या ओट्यासमोरून जायचं टाळायची. मागच्या गल्लीनं जायची. सावली आहे म्हणून, असं स्वतःला सांगायची.

यंदा हळद झाली आणि सर पुन्हा आले. कार्यक्रमाचा दुसरा टप्पा आला होता. अंगणवाडीला लागून दोन खोल्या, ठोकलेल्या मातीच्या. मातीची आता प्रयोगशाळेत तपासणी करतात म्हणे, चांगलं आहे. प्रश्न एवढाच होता की ठोकणार कोण. गावातल्या बाया, की बाहेरून आणलेली प्रशिक्षित टोळी. मॅडम त्यासाठीच आल्या होत्या, आणि सभा त्यासाठीच होती. बायांना काम हवं होतं. कौसामावशीला त्याहून जास्त काहीतरी हवं होतं. सकाळी शांताबाईनं मला गाठून सांगितलं, “ती दोन दिसांपासून नीट जेवली न्हाई. अंगनवाडीची भित तिच्या हातची झाली तर गाव पुन्यांदा बोलवंल म्हनती. तू तितं आस गं. तू आपली हायेस.”

आपली. हा शब्द घेऊन मी शाळेत आले.

व्हरांड्यातून सगळे वर्गात आले. बाया खाली सतरंजीवर, पुरुष मागे भिंतीला टेकून, समोरच्या खुर्च्यांवर सर, मॅडम, निखिल आणि सरपंच. अण्णा दाराशी. सरांनी मला जवळ बोलावलं, हातात दोन पानं दिली. पहिल्या टप्प्याचा अहवाल होता, इंग्रजीत. भिंतीबद्दलचा परिच्छेद पेन्सिलनं चौकटीत घेतला होता.

“बेटा, इतना हिस्सा मराठी में बता दो सबको,” सर म्हणाले. “बस मतलब.”

मी वाचलं. अप्रशिक्षित स्थानिक महिला मजुरांकडून ठोकणी अपुरी झाल्यामुळे भिंत कोसळली; पुढील टप्प्यात कुशल चमू वापरावा. छपाई सुबक होती. मला ते सरांनी जाणूनबुजून खोटं लिहिलं असं वाटत नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांना दुसरं काही वाटावं असं कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आणि तरीही मला त्यांचा राग येत होता, कारण एका बाईनं माती त्यांच्या तोंडापुढे धरली होती आणि त्यांना ती छान दिसली होती. निखिलचा येत होता. मागे टेकून हसणाऱ्या पुरुषांचा येत होता. त्या प्रगतिपुस्तकाचा, ते पाहुण्यांना दाखवणाऱ्या आईचा, फाडफाड म्हणणाऱ्या अण्णांचा. असा सगळ्यांचा राग एकेक करून बाजूला ठेवत गेले तेव्हा तळाशी जो उरला तो कुणाचा होता हे मला ठाऊक होतं, आणि तो सगळ्यांत जुना होता.

हे वाक्य आता माझ्या आवाजात, माझ्या मराठीत, कौसामावशीच्या समोर म्हणायचं होतं. ती पुढच्याच ओळीत बसली होती. धुतलेलं लुगडं, केसांना तेल. माझ्याकडे ती अशी बघत होती की जणू मी काही चांगलं सांगणार आहे.

“बोला ताई,” सरपंच म्हणाले.

मी कागद टेबलावर उपडा ठेवला, कारण हातात असता तर मी वाचला असता. मागे कुणीतरी खाकरलं. मग माझा आवाज आला, बारीक, पण आला.

“हे मी वाचणार नाही. यात लिहिलंय ते चूक आहे. ठोकण्यात काही कमी नव्हतं, मी दहाही दिवस तिथं होते. माती खारी होती. कौसामावशीनं ती चाखली आणि सरांच्या समोर सांगितलं, ही धाब्याची माती आहे, भिंतीची नाही. सरांनी मला विचारलं, आणि मी त्यातलं अर्धंच सांगितलं. मावशी, तू मला विचारलंस तेव्हा मी हो म्हणाले. मी खोटं बोलले. मी सांगितलं नव्हतं.”